परवाना बारा दिवसांत, सूप चार महिन्यांत

२०२३-२४च्या हिवाळ्यात मी घरून सूप विकलं. नाशिकला, फक्त बुधवार आणि शनिवार, इंदिरानगरपासून तीन-चार किलोमीटरांच्या आत. गोष्ट एवढीच. पण तेव्हापासून ओळखीतली आणि ओळखीच्यांच्या ओळखीतली माणसं फोन करून विचारतात, "काका, लायसनचं कसं केलंत? कुणाला किती द्यावे लागले?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. मलाही सुरुवातीला कागदपत्रांचीच धास्ती होती. ती बारा दिवसांत मिटली. ज्याची धास्ती नव्हती, त्या चौदा लिटर सुपाने चार महिने खाल्ले.

खालचे सगळे आकडे २०२३-२४चे आहेत. शुल्क आणि नियम बदलतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर बघूनच घ्या.

मी सत्तावीस वर्षं यंत्रं विकणाऱ्या कंपनीत होतो. यंत्र विकलं गेलं की आम्ही जाऊन ते जागेवर उभं करायचं, चालवून दाखवायचं आणि परत यायचं. त्यापायी एकदा तीन महिने हंगेरीत काढले, एकदा पाच आठवडे मोरोक्कोत. शाकाहारी माणूस, त्यामुळे पोटाचे हाल ठरलेले. हंगेरीच्या कारखान्यात कँटीनच्या बाईंना माझी दया आली आणि त्यांनी माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवलं. आपण ज्याला 'गुलाश' म्हणतो, त्याचा तिकडचा उच्चार 'गुयाश'. अर्थ गुराखी. गुरं राखणाऱ्यांनी उघड्यावर कढईत शिजवायचा मांसाचा रस्सा, तो. त्याचंच बिनमांसाचं भावंड म्हणजे 'हॉमिश गुयाश', खोटा गुयाश. भरपूर कांदा, बटाटा, गाजर, लाल पाप्रिका (तिकडची बेताची तिखट मिरचीपूड), आणि वरून कणकेचे चिमटीने तोडलेले बारके तुकडे टाकून शिजवलेले. मोरोक्कोत गेलो तो रमजानचा महिना होता. संध्याकाळी उपास सुटला की घराघरांत हरीरा: मसूर, छोले, टोमॅटो, कोथिंबीर, दालचिनी, आणि दाटपणासाठी पाण्यात कालवलेलं पीठ. सोबत खजूर. वाडगाभर खाल्लं की रात्रीच्या जेवणाची आठवण येत नसे.

जून २०२३मध्ये आमचा विभागच बंद झाला. वय बावन्न. दोन महिने अर्ज करून झाले, मग एका रविवारी घरात म्हटलं की मी सूप विकतो. बायको काही बोलली नाही, हे वाईट लक्षण. आई म्हणाली, "अरे, सूप काय जेवण असतं? तापातून उठलेल्याला देतात ते." त्याच रात्री खोटा गुयाश केला. आईने चमच्याने तळ ढवळला, एक तुकडा वर काढला, खाल्ला आणि म्हणाली, "या चकोल्याच की. वरणात नाही टाकल्या, रश्श्यात टाकल्या." तिथून पुढे गिऱ्हाइकांना पदार्थ समजावून सांगायचा प्रश्न मिटला.

२१ ऑगस्टला एका एजंटाकडे गेलो. त्याने सगळं मिळून साडेचार हजार सांगितले, वर 'साहेबांचं वेगळं'. घरी येऊन स्वतःच वाचायला बसलो. तुम्हीही बसा. दोन संध्याकाळी पुरतात.

खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच, घरून विकलं तरी. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर तेव्हा पूर्ण परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरत होती. अर्ज 'फॉर्म ए', 'फॉसकॉस' नावाच्या पोर्टलवर, शुल्क वर्षाला १०० रुपये. हो, शंभरच. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर काम होतं. ४ सप्टेंबरला, सोमवारी, अर्ज भरला आणि पहिल्याच पानावर चुकलो. धंद्याचा प्रकार निवडायचा होता. मी सूप 'तयार करतो' म्हणून उत्पादकाचा पर्याय टिचकवला. ८ तारखेला अर्ज शेऱ्यासह परत आला. उत्पादक म्हणजे पाकीटबंद माल करणारे. माझ्यासारख्यांसाठी त्याच यादीत खाली, अन्नसेवेच्या गटात, घरगुती खानावळ आणि डबेवाले असा चक्क वेगळा पर्याय आहे. यादी शेवटपर्यंत सरकवून बघा, इतकंच माझं सांगणं. त्याच रात्री दुरुस्ती करून पाठवला. १५ सप्टेंबरला प्रमाणपत्र आलं, दोनने सुरू होणारा चौदा आकडी क्रमांक. एका वर्षाचीच नोंदणी घेतली, कारण हिवाळा संपल्यावर माझाच उत्साह टिकेल का याची मला खात्री नव्हती. तेव्हाच्या नियमानुसार अर्जानंतर सात दिवसांत नोंदणी मिळायची, नाहीतर तपासणीची नोटीस यायची. माझ्याकडे तपासणीला कुणी आलं नाही, पण स्वयंपाकघर तरी त्या दृष्टीने आवरून ठेवलं होतं. आई चार दिवस 'साहेब कधी येणार' विचारत होती आणि चहाचे चांगले कप बाहेर काढून ठेवत होती.

हा चौदा आकडी क्रमांक बिलावर छापावा लागतो. माझं बिल म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवलेली पावती, त्यावरही टाकला.

त्यानंतर शॉप ॲक्ट, म्हणजे दुकानं-आस्थापनांचा कायदा. २०१७च्या कायद्यानुसार तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नव्हती, फक्त सूचना द्यायची होती. 'आपले सरकार' पोर्टलवर नमुना 'एफ' भरायचा. मला २३ रुपये ६० पैसे लागले. यात एकच अडचण आली. दुकानाच्या नावाच्या मराठी पाटीचा फोटो लागतो आणि माझं दुकान म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सोसायटीचे सचिव म्हणाले, गेटवर पाटी चालणार नाही, गाळ्यांचा कर लागेल. त्यांच्याशी भांडलो नाही. एक पानी पत्र दिलं: गिऱ्हाईक सोसायटीत येणार नाही, डबे मी स्वतः पोचवीन, व्यावसायिक सिलिंडर बाल्कनीत उघड्यावर राहील. कमिटीच्या बैठकीला मुहूर्त लागेना, मध्ये गणपती आले, आणि लेखी ना-हरकत हातात पडली ती ६ ऑक्टोबरला. पाटी आमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली. फोटो काढताना दार उघडं ठेवलं.

पाटी करणाऱ्याकडचा किस्सा सांगायलाच हवा. मी कागदावर लिहून दिलं होतं, 'घरगुती सूप'. दुसऱ्या दिवशी त्याने कच्चं चित्र दाखवलं, त्यात बांबूचं विणलेलं, धान्य पाखडायचं झकास सूप. "काका, लग्नाची ऑर्डर पण घेता का? पाच सुपं लागतील मला." चूक त्याची नव्हती. आपल्या भाषेत सूप म्हणजे तेच. पुढे संस्कृतातला 'सूपकार' मला कुठेतरी भेटला, म्हणजे स्वयंपाकी, आणि तिथला सूप वरणासारखा पातळ पदार्थ. तेव्हा दोन्ही सुपं आपलीच म्हणायची. पाटीवर शेवटी वाफ येणारं पातेलं काढून घेतलं. ६५० रुपये.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद, पूर्ण फुकट आहे. आधार आणि पॅन हाताशी ठेवले तर वीस मिनिटांचं काम. नुसतं 'उद्यम' शोधलं की पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट पुढे येतात, सरकारी पत्ता नीट बघा. बँकेला चालू खात्यासाठी धंद्याचे दोन पुरावे हवे होते, तिथे शॉप ॲक्टची पावती आणि उद्यम चालले. उलाढाल किरकोळ, त्यामुळे जीएसटीच्या वाटेला जावं लागलं नाही. गॅसचं मात्र सगळ्यांना कळकळीने सांगतो: घरचं १४.२ किलोचं लाल सिलिंडर धंद्याला वापरू नका. ते बेकायदा आहे आणि काही झालं तर विमावाला हात वर करील. १९ किलोचं व्यावसायिक घेतलं. भरलेलं सिलिंडर त्या वेळी अठराशेच्या आसपास पडत होतं.

इथवर मला वाटत होतं, जिंकलो.

दिवाळीनंतर, १८ नोव्हेंबरच्या शनिवारी, रंगीत तालीम होती. भांडी बाजारातून जाड बुडाचं वीस लिटरचं पातेलं आणलं होतं, ३,८०० रुपये. शेजारी, नातेवाईक मिळून तीस जणांना रविवारी हरीरा द्यायचा, म्हणून शनिवारी रात्रीच चौदा लिटर करून ठेवला. दहा वाजता गॅस बंद केला, झाकण घातलं, ओट्यावरच ठेवून झोपलो. थंडीचे दिवस आहेत, काय होतंय! सकाळी सहाला झाकण उघडलं तर कडेला बारीक फेस आणि आंबूस वास. हात लावून पाहिलं, पातेल्याचा मधला भाग अजून कोमट. चौदा लिटर. बायकोने खिडकी उघडली आणि म्हणाली, "आधी चहा घे." दोन बादल्यांतून ते सगळं खाली सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात नेऊन ओतलं. दोन जिने, चार फेऱ्या. तीस जणांना निरोप पाठवला की पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी मी परत नोकरीच्या जाहिराती चाळल्या, हे खोटं कशाला सांगू.

पुढच्या आठवड्यात 'फॉस्टॅक'चं एका दिवसाचं प्रशिक्षण केलं. एफएसएसएआयचाच तो कार्यक्रम. मला साताठशे रुपये पडले आणि त्यातल्या एका तासाने सगळे पैसे वसूल झाले. दाट रस्सा स्वतःची उष्णता सोडत नाही. पातेलं जितकं मोठं, तितकं त्याचं पोट उशिरा निवतं, आणि ५ ते ६० अंशांच्या मधला काळ हा जंतूंचा सुकाळ. गरम ठेवायचं तर ६०च्या वर, गार ठेवायचं तर ५च्या खाली. निववायचं असेल तर ६०वरून २१वर दोन तासांत आणि तिथून ५वर पुढच्या चार तासांत. घरच्या दोन लिटर आमटीला हे नियम कधी लागले नाहीत, कारण ती आपोआप निवते. फ्रिजमध्ये गरम पातेलं तसंच ढकलणं हाही उपाय नव्हे. त्याने आतलं दूधही तापतं.

उपाय माळ्यावर निघाला. आजीचं तांब्याचं घंगाळ. त्यात बर्फ आणि पाणी, त्यात पसरट डबे, प्रत्येक डब्यात दोन इंचांपेक्षा जास्त रस्सा नाही, आणि दर दहा मिनिटांनी ढवळायचं. ४५० रुपयांची तापमान बघायची सळी घेतली, मधोमध खुपसून बघायची. पहिल्यांदा पन्नास मिनिटांत २१वर आलं तेव्हा मी सळीचा फोटो काढून ठेवला. आजही मोबाइलमध्ये आहे. पुढे तर रात्री करायचंच सोडलं: पहाटे साडेचारला पातेलं चढवायचं, साडेअकराला ७५-८० अंशांवर डबे भरायचे.

मोठ्या भांड्याने आणखीही धडे दिले. दोन लिटरची कृती सातपट केली की मीठ-तिखट सातपट करायचं नाही, आधी पाचपट टाकून चाखायचं. पाणीही कमी लागतं, कारण मोठ्या पातेल्याच्या मानाने वरचा उघडा भाग लहान, वाफ कमी जाते. मसूर तळाला धरतो, एकदा धरला की करपट वास सगळ्या चौदा लिटरांना. म्हणून हरीऱ्यात मसूर वेगळा शिजवून शेवटच्या अर्ध्या तासात घालतो. पीठ आपण ताकातल्या पातळ भाजीला लावतो तसंच, गार पाण्यात गुठळी मोडून, बारीक धारेने आणि हात न थांबवता. मिनेस्त्रोने या इटालियन भाज्यांच्या सुपात राजमा असतो. तो कच्चट राहिला तर पोट बिघडवतो, म्हणून तो कुकरमधूनच आला पाहिजे. पास्ता आणि शेवया तर कधीही पातेल्यात टाकू नका. डब्यात जाईपर्यंत सगळा रस्सा पिऊन बसतात. वेगळ्या शिजवून, तेलाचा हात लावून, डबा भरताना घालायच्या.

पाप्रिकेला बेडगी मिरची, बिया काढून, कोरडी भाजून दळलेली. रंग तसाच, तिखटपणा बेताचा. हंगेरीतल्या बाईंनी शिकवलेली एकच गोष्ट इथे फार उपयोगी पडली: कांदा परतून झाला की पातेलं आचेवरून खाली घ्यायचं, मग पूड घालायची आणि लगेच पाणी. आचेवर घातली की कडू होते. कॅरवे हे जिऱ्यासारखं बी मिळेना, त्याच्या जागी शहाजिरं घातलं. चव थोडी सरकते, चालते. हरीऱ्यात घालायची सेलरी नाशकात रोज मिळेलच असं नाही, म्हणून कोथिंबिरीचे देठ आणि चिमूटभर ओवा. मोरोक्कोची माणसं जेवायला येणार नव्हती.

मी आणि मदतीच्या मावशी, दोघांनी डॉक्टरांकडून तपासणीचं प्रमाणपत्र घेतलं आणि टायफॉइडची लसही. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी असा नियमच आहे. दोघांचे मिळून दोन हजार गेले. हा खर्च मी आधी धरला नव्हता.

२ डिसेंबर, शनिवार, पहिला दिवस. अकरा डबे. ४५० मिलिलिटर, सोबत एक भाकरी किंवा दोन पाव, १२० रुपये. चौदा लिटरची तयारी आणि अकरा डबे! उरलेलं आम्ही, मावशींचं घर, वॉचमन आणि खालच्या मजल्यावरच्यांनी संपवलं. त्यातल्या चौघांनी पुढच्या बुधवारी पैसे देऊन मागवलं, ही जाहिरात ठरवून केली नव्हती.

कागदी वाडगे आणले होते, प्रत्येकी नऊ रुपये. राज्यात २०१८पासून प्लास्टिकबंदी आहे, म्हणून पातळ प्लास्टिकच्या डब्यांच्या नादी लागलोच नाही. पण पाथर्डी फाट्याकडे जाताना गतिरोधकावर स्कूटर उडाली आणि तीन वाडग्यांतला बोर्श्ट डिकीत. बीटाचा रस्सा तो, डिकी अजून गुलाबी आहे. मग कडी लावायचे स्टीलचे डबे घेतले, १५० रुपये अनामत, पुढच्या फेरीला रिकामा डबा परत. लोकांना अनामत आवडणार नाही असं वाटलं होतं. उलट बायकांनी डबे घासून, आत सुपारीएवढा गूळ नाहीतर दोन लाडू ठेवून परत पाठवले. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आपली जुनी खोड.

बोर्श्टचं मात्र जमलं नाही. युक्रेनच्या बोर्श्टची २०२२मध्ये युनेस्कोने तातडीने जपण्याच्या वारशात नोंद केली आहे, हे मी व्हॉट्सॲपवर मोठ्या अभिमानाने लिहिलं. उत्तर आलं, "काका, बीट आम्हाला कोशिंबिरीतच बरं." तीनदा केला, तिन्ही वेळा अर्धा उरला. लिंबू शेवटी घातलं तर रंग तपकिरी पडतो, बीट परततानाच आंबट घालावं लागतं, एवढं शिकलो आणि सोडून दिला. खोटा गुयाश पहिल्या नंबरावर राहिला. मी यादीत कंसात 'रश्श्यातल्या चकोल्या' लिहायचो, त्याचाच हा परिणाम असावा. त्याला कांदा फार लागतो, चौदा लिटरला अडीच किलो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निर्यातबंदी आली आणि कांदा कोसळला. माझा खर्च उतरला, पण लिलाव बंद पडलेल्या जिल्ह्यात कांदा स्वस्त झाल्याचं मोठ्याने बोलायची सोय नसते. गुयाशचा भाव मी तेवढाच ठेवला आणि मावशींच्या भावाकडून, निफाडकडून, दोन पोती थेट घेतली. त्याने मागितला तो दर दिला.

डिसेंबरचा हिशेब, कारण सगळे शेवटी तेच विचारतात. नऊ दिवसांत २१४ डबे, जमा २५,६८०. भाजी-किराणा ९,०००, दोन सिलिंडर ३,६००, मावशी ४,०००, पेट्रोल, पाव, बर्फ वगैरे २,७००. हातात उरले ६,३८०. यात पातेलं, डबे, डॉक्टर असा सुरुवातीचा साडेसतरा हजारांचा खर्च धरलेला नाही. तो फेब्रुवारीत कसाबसा फिटला. माझ्या पहाटेच्या तासांचे पैसे मी कुठेच लावलेले नाहीत. घर यावर चालत नाही. बायकोच्या पगारावर चाललं.

जानेवारीत एकदा रविवारच्या शिळ्या पावांचं काय करायचं म्हणून उरलेल्या मिनेस्त्रोनेत ते घालून पुन्हा उकळलं. इटलीत, टस्कनीमध्ये, याला रिबोलिता म्हणतात, म्हणजे पुन्हा उकळलेलं. फक्त घरात खाल्लं, विकलं नाही. आदल्या दिवशीचं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, हे खताच्या खड्ड्यापासून ठरलेलं आहे. आईने त्यात भाकरी कुस्करली आणि म्हणाली, हे त्या पावापेक्षा बरं लागतं. खरंच लागतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं, डबे बारावर आले, तेव्हा बंद केलं. नोंदणी १४ सप्टेंबर २०२४ला संपणार होती. नूतनीकरणाची आठवण मोबाइलमध्ये १ जुलैची लावून ठेवली होती. वीस लिटरचं पातेलं सध्या वहिनीकडे आहे, तिच्या मुलीचा साखरपुडा होता. मसालेभाताने तळाला हळदीचा डाग पडलाय, म्हणाली. घंगाळ मात्र दिलं नाही.